खट्

इलियासभाईंनी काचेवर तीन मांडले.
एक लाल पाठीचं, चपटं, झिजत आलेल्या साबणाएवढं.
एक पकडीचं, घेताच मनगट खाली गेलं.
आणि एक काळं, त्याच्या डबीवर अठरा कामं छापलेली,
त्यातली सहा मला करता येत नव्हती.

"किसके लिए, मॅडम?"
माझ्यासाठी, म्हटलं.
वजिराबादेत दुपारचे दोन. पंखा फिरत होता,
वारा शेजारच्या दुकानात जात होता.

मी मनात वर्षभराचा हिशेब मांडला.
प्रयोगशाळेतल्या स्टँडचा स्क्रू, रोज.
चष्म्याची दांडी, पंधरा दिवसाला.
चपलेतला बाभळीचा काटा, त्याची मोजदाद नाही.
हिमायतनगरच्या बसमध्ये एका लेकराचं बोट
खिडकीच्या पत्र्यात अडकलं होतं, एकदाच,
आणि माझ्याकडे होती केसांतली पिन.
करवत कधीच लागली नाही.
तो मळसूत्री दात बघून मी हसले, हे कशाला?
इलियासभाईंनी पार्सलची ओली सुतळी ओढली,
गाठीत दात घातला,
आणि गाठ उकलली, न कापता.

मग पातं उघडलं त्यांनी. खट्.
"ये आवाज सुनो मॅडम. आवाज है तो स्प्रिंग है,
स्प्रिंग है तो दस साल."
मीही उघडलं. खट्. मिटलं. खट्.
आणखी एकदा, उगीच.
लाल पाठीचं, साडेअकराशेला.
आवाजासाठी घेतलं, कबूल करते.

घरी आल्यावर ध्यानात आलं,
खिशात ठेवायचं घेतलं खरं, खिसा कुठाय?
कपाटात नऊ ड्रेस, त्यात एकाला खिसा,
तोही नुसती झडप, आत काही नाही.
गोकर्णाबाई मशीन थांबवून म्हणाल्या,
"कामून एवढा खोल पाहिजे, माय? सोनं ठिवायलीस का काय?"
मी ते टेबलावर ठेवलं.
त्यांनी त्याच्याभोवती खडूची रेघ ओढली,
अंगणवाडीत पोरं पंजाभोवती ओढतात तशी,
आणि आतून दुहेरी मांजरपाट लावला.
शेवटचा दोरा त्याच्याच कात्रीनं तोडून पाहिला.
"बरी हाय. माझीएवढी न्हाई."

बुद्धपौर्णिमेची रात्र. किनवटच्या जंगलात
टँकरनं भरलेला सिमेंटचा पाणवठा,
वर मचाणावर मी आणि वनमजूर सोनेराव कनाके.
संध्याकाळी त्यांच्या टाचेतला काटा
मी चिमट्यानं काढून दिला होता,
तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन एकेक पान उघडलं,
लग्नपत्रिका वाचतात तसं, सावकाश, शेवटपर्यंत,
आणि काही न बोलता परत दिलं.

नीलगाय चार. रानडुकरं, पिलं धरून अकरा.
साळींदर एक.
पावणेदोनला पेन्सिलीचं टोक मोडलं.
त्याच वेळी झाडोऱ्यातून काहीतरी उतरत होतं,
मागून उतरतं अंग, मान खाली,
पाण्यात त्याचा चंद्र हलायच्या बेतात.
माझा हात खिशात गेला. किती सहज गेला.

खट्.

पाणी तसंच राहिलं.
पलीकडे पाचोळा वाजला, मग तोही नाही.
कनाकेंनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली,
दातांनी लाकूड सोललं,
थुंकी तळहातावर घेतली, खाली टाकली नाही,
आणि टोकदार करून परत दिली.
खूप वेळानं, कानाशी येऊन:
"मॅडम, हे गप उघडत न्हाई का?"

पत्रकात रकाने चार: प्राणी, वेळ, संख्या, नर-मादी.
मी लिहिलं, तरस, एक चौकोन भरेल एवढं प्रश्नचिन्ह.
सकाळी साहेबांनी ते खोडलं.

इलियासभाईंकडे परत गेले नाही.
त्यांनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं.
आता रात्री जेवणं झाली, ओटा पुसला, की बसते.
अंगठा पात्याच्या पाठीवर, स्प्रिंगचा सगळा जोर
नखाखाली घ्यायचा, श्वास धरून, हळू.
दहातून तीनदा जमतं.
बाकीच्या सात वेळा
आतल्या खोलीतून लेक ओरडते,
आई, झोप की आता.